गुरुजींची तिसरी सलाईन

बाटली स्टँडला अडकवून झाली होती. सुई शिरेत नीट बसली होती. हात धुवायला मी बेसिनकडे वळले, तेवढ्यात कॉटवरून देवराम गुरुजी म्हणाले, "मॅडम, आत्ताच आलो खोडाळ्याहून. पोरांची हजेरी घेऊन आलो."

मी हसले. गुरुजी शाळा उघडल्यापासून मेडिकल लीव्हवर होते. शाळेचं तोंडही त्यांनी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, थट्टा करताहेत. बरंच वाटलं मला, कारण गेले पंधरा दिवस हा माणूस रडण्याशिवाय दुसरं काही करत नव्हता.

त्यांची बायको सुमन मात्र हसली नाही. म्हणाली, "सकाळपासून असंच काहीतरी बोलतात, मॅडम."

पुढचं सांगण्याआधी थोडं मागचं सांगते. माझा दवाखाना जव्हारला. दोन खोल्या, तीन कॉट, मी आणि माझी सिस्टर वनिता. ही गोष्ट दोन हजार सालानंतरची. तेव्हा मोबाईल आले होते, पण रेंजसाठी गच्चीवर जावं लागायचं. देवराम गुरुजी खोडाळ्याजवळच्या एका शाळेत शिक्षक, गाव साखरशेत. वजन एकशे अडतीस किलो.

आमच्या भागात वजनकाटा येतो तो मुलांची वजनं कमी भरतात म्हणून. शाळेत आरोग्य तपासणीला मी जायची तेव्हा गुरुजी मुलांना रांगेत उभं करायचे आणि स्वतः काट्यापासून चार हात लांब राहायचे. एकदा तपासणीला आलेला एक साहेब सगळ्यांसमोर म्हणाला, "पोरांचा भात कुठे जातो ते कळलं बरं का, गुरुजी!" सगळे हसले. गुरुजीही हसले. पुढच्या आठवड्यात माझ्यासमोर बसून त्यांनी विचारलं, "मॅडम, ते पोट लहान करायचं ऑपरेशन असतं ना, त्याचं सांगा."

त्यांना शुगर होती. गुडघे गेले होते. झोपेत श्वास अडकायचा. ऑपरेशन करण्यासारखी केस होती आणि मुंबईच्या सर्जनना चिठ्ठी मीच लिहून दिली. या ऑपरेशनमध्ये जठराचा, म्हणजे पोटातल्या अन्नाच्या पिशवीचा, मोठा भाग कापून काढतात. केळ्याएवढी नळी उरते. चार घास खाल्ले की पोट भरतं. वजन उतरतं. पण खाणं इतकं कमी होतं की जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि प्रोटीनची पावडर नेमाने घ्यावी लागते. ती घेतली नाही तर शरीर आतून रिकामं होत जातं.

मेच्या सुट्टीत ऑपरेशन झालं. चांगलं झालं. डिस्चार्जच्या वेळी हॉस्पिटलनं चार पानी इंग्रजी कागद दिला. पहिले काही दिवस निवळ पातळ पदार्थ, मग दाटसर, मग मऊ, असं सगळं त्यात होतं. गुरुजींनी आईला पहिलं पान समजावून सांगितलं. आईनं ते डोक्यात पक्कं बसवलं. तांदळाची पेज करायची, वरचं निवळ पाणी गाळून मुलाला द्यायचं आणि खालचा भात, नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी, डाळ, हे सगळं बाकीच्यांनी खायचं. पुढे जरा दाट काही दिलं की गुरुजींना उलटी व्हायची. मग परत निवळ. गोळ्या उलटून पडायच्या म्हणून गोळ्या बंद. पावडरच्या वासानं मळमळायचं म्हणून पावडर बंद. पहिल्या फॉलोअपला ते जाऊन आले. दुसऱ्याच्या वेळी शेतात आवणी चालू होती, म्हणजे भाताची लावणी. न्यायला घरात माणूस नव्हता आणि एस.टी.त बसवत नव्हतं. राहिलंच ते.

उलट्यांचं कुणाला काही वाटलं नाही. पोट कापलंय म्हटल्यावर उलटी होणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं. मीही तेच धरून चालले. हे लिहायला आजही जड जातं.

वजन तर झपाट्यानं उतरत होतं. चौतीस किलो गेलं. बाजारात भेटेल तो म्हणायचा, "गुरुजी, ओळखू येईना की तुम्ही!" शिक्षक मंडळी अभिनंदन करायला घरी यायची. आणि ज्याचं अभिनंदन चाललंय तो भिंतीला धरून संडासला जायचा, दुपारी गोधडी तोंडावर ओढून रडायचा.

जुलैत सुमन त्यांना पहिल्यांदा घेऊन आली. सोबत गुरुजींची आई.

"अशक्तपणा फार आहे, मॅडम," सुमन म्हणाली. "उभं राहिलं की पाय लटपटतात. कशात मन लागत नाही. एक सलाईन लावा."

आमच्याकडे अशक्तपणाला सलाईन हेच औषध. माणूस पाड्यावरून दोन तास चालत येतो. त्याला गोळ्या लिहून दिल्या तर त्याला वाटतं बाईनं घालवून दिलं. बाटली लागली, ती थेंब थेंब अंगात गेलेली त्यानं डोळ्यांनी पाहिली, की तो बरा होऊन घरी जातो. प्रत्यक्षात त्या बाटलीत पाणी आणि मूठभर साखर. एका भाकरीइतकीही ताकद नाही. सुरुवातीला मी सगळ्यांशी भांडायची. नंतर थकले. फार नुकसान नाही म्हणून लावून द्यायला लागले.

"डॉक्टरीणबाय, पिवळी लावा ना," आई म्हणाली. "त्या खालचे गल्लीतला डाक्टर पिवळी लावतो. तिचा गुण येतो."

हे पिवळीचं प्रकरण माझ्या डोक्यात जायचं. काही डॉक्टर साध्या बाटलीत बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन टाकतात. पाणी पिवळं होतं आणि पेशंट खूश होतो. मी याला नाटक म्हणायची. त्या दिवशीही फणकाऱ्यानं म्हणाले, "आजी, रंगानं ताकद येत नसते. माझ्याकडे रंगाचा बाजार नाही." आणि साधी ग्लुकोजची बाटली लावली.

चार दिवसांनी दुसरी लावली. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी गुरुजी जास्तच गळाले. मी केस पेपरवर लिहिलं, डिप्रेशन. आधार नव्हता असं नाही. ते खरोखर म्हणायचे, "मॅडम, कशाला केलं मी हे? जाडा होतो पण माणूस होतो." अशा वेळी माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. मी त्यांना रागावले. समजावलं. परत रागावले. रोज अंगणात दहा फेऱ्या मारायला सांगितल्या. दहा फेऱ्या मारताना ते दोनदा पडले, हे सुमननं मला नंतर सांगितलं.

आणि आता ही तिसरी बाटली.

"गुरुजी, रजा वाढवायची ना? तुमचा अर्ज आणलाय सुमननं. सही करा," मी म्हणाले. त्यांच्या छातीवर पॅड ठेवलं, हातात पेन दिलं.

गुरुजींचं अक्षर आमच्या भागात प्रसिद्ध. शाळांच्या भिंतींवरची सुवचनं त्यांच्याकडून लिहून घ्यायचे. त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि डावा डोळा घट्ट मिटून घेतला.

"डोळा का मिटलात?"

"दोन ओळी दिसतात, मॅडम. एक मिटला की एक जाते."

"कधीपासून?"

"कधीपासून..." ते विचारात पडले. "शाळेतून आलो तेव्हापासून."

टॉर्च घेतला. म्हटलं, माझ्या बोटाकडे बघा. बोट बाजूला नेलं तशी बुबुळं थोडी सरकली आणि तिथेच थरथरायला लागली. बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत जाईनात.

"वनिता, धर यांना. उभं करू. दोन पावलं चालू द्या."

गुरुजींनी पाय एवढे फाकवून टाकले, जसं माणूस चिखलाच्या खाचरात तोल सावरत चालतो. तिसऱ्या पावलाला ते वनिताच्या अंगावर कलंडले. गेल्या दोन खेपांना ते दोघांच्या खांद्यावर आले होते आणि थेट कॉटवर निजले होते. मी त्यांना एकदाही चालायला लावलं नव्हतं.

डोळे, चाल आणि बरळणं. ही तीन लक्षणं एकत्र मी एकदाच पाहिली होती, इंटर्नशिप करताना, दारूनं पोखरलेल्या पेशंटांच्या वॉर्डात. आमचे सर तिथे एकच गोष्ट घोकून घ्यायचे. आधी थायमिन, मग ग्लुकोज. थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्व. साखर जाळायला मेंदूला ते लागतं. ज्याच्या अंगात ते संपत आलंय त्याला नुसती साखर दिली, तर उरलंसुरलं त्या साखरेपायी खर्च होतं आणि मेंदूचे ठरावीक भाग मरायला लागतात. डोळे जातात, तोल जातो, मग स्मरणशक्ती जाते. वेळेत थायमिन मिळालं नाही तर गेलेलं परत येत नाही. कधी माणूसच जातो.

मी बाटलीकडे पाहिलं. पाव बाटली आत गेली होती. मी चाकी फिरवून थेंब बंद केले.

"काय झाला?" आईनं विचारलं. "बाटली का थांबवली?"

"आजी, ही बाटली नको त्यांना. दुसरं इंजेक्शन हवंय."

आमच्या केमिस्टकडे नुसतं थायमिन नव्हतं. बी-कॉम्प्लेक्स होतं, त्यात बी-वन अगदी थोडं. तेच, खालच्या गल्लीतलं पिवळं. मी ते दोन वेळा टाकलं असतं तर कदाचित गुरुजी इथवर आले नसते. हा विचार तेव्हा मनात आला आणि मी तो बाजूला सारला, कारण वेळ नव्हता. टेबलावरच्या लँडलाईनवरून सरकारी दवाखान्यात फोन लावला. तिथले फार्मासिस्ट ओळखीचे.

"थायमिन आहे का? नुसतं? इंजेक्शन?"

"आहेत की. दहा अँप्यूल असतील. दारूवाल्यांसाठी ठेवतो आम्ही."

"दहाच्या दहा पाठवा. आत्ता. चिठ्ठी मागाहून देते."

"कोणी एवढी ढोसलीय?"

मी फोन ठेवला आणि मुंबईला सर्जनना लावला. ते ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये होते. त्यांच्या असिस्टंटला म्हटलं, ओटीत जाऊन सांगा, तुमच्या पेशंटचे डोळे थरथरताहेत, मी लाईनवर थांबते. दोन मिनिटांत सर्जन फोनवर आले.

"उलट्या किती दिवस?"

"महिना, सव्वा महिना."

"गोळ्या?"

"बंद."

"फॉलोअपला का आले नाहीत?"

"ते नंतर भांडू, सर. मी थायमिन मागवलंय. डोस सांगा."

त्यांनी सांगितला. नेहमीपेक्षा बराच मोठा. साध्या मिठाच्या पाण्यातून हळू द्या, म्हणाले. मग विचारलं, "डॉक्टर, ग्लुकोज नाही ना दिलं?"

दवाखान्यात तेव्हा सहा-सात माणसं होती. सुमन माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "दिलं. दोन पूर्ण. तिसरी पाव."

सर्जन मग म्हणाले, "ठीक आहे. आता एक मिनिट वाया घालवू नका. आणि मोठ्या हॉस्पिटलला हलवा."

सरकारी दवाखान्याचा शिपाई छत्री मिटत आत आला आणि मोठ्यानं विचारलं, "ते बेवड्यांचं इंजेक्शन कोणाला पायजे होतं?"

गुरुजींची आई ताडकन उठली. "कोणाला बेवडा बोलतो रे? माझे पोराने थेंब नाय चाखला! त्याचे बापाने पण नाय! डॉक्टरीणबाय, ही सुई लावायची नाय तेला. गावात कळला तर काय तोंड दाखवू?"

मी एरवी ओरडले असते. त्या दिवशी ओरडायचं बळ नव्हतं. तिचा हात धरून म्हटलं, "आजी, दारूवाल्याच्या अंगातून जे जातं तेच तुमच्या मुलाच्या अंगातून गेलंय. तो जेवत नाही म्हणून. दारूचा काही संबंध नाही. हे लावलं नाही तर उद्या तो तुम्हाला ओळखणार नाही."

ती मुलाकडे वळली. "देवा, मी कोण रे?"

गुरुजी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. "आई," म्हणाले. पण उत्तराला लागलेल्या त्या वेळानंच ती घाबरली. खाली बसली आणि म्हणाली, "लावा."

लावलं. अर्धा तास मी स्टूल घेऊन शेजारी बसून राहिले. ओपीडी बंद केली. मला देवाधर्माचं फारसं नाही, पण त्या अर्ध्या तासात कोणाकोणाला आठवलं ते माझं मला ठाऊक. नंतर गाडी आली. नाशिकला न्यायचं ठरलं. मीही बसले. उरलेली अँप्यूल कुठेही ठेवता आली असती, तरी मी ती मांडीवर घट्ट धरून बसले होते.

मोखाडा मागे पडल्यावर टॉर्च लावून पाहिलं. थरथर तशीच. घाटात सुमननं विचारलं, "मॅडम, त्या दोन बाटल्यांनी झालं का हे?"

तिनं फोनवरचं सगळं ऐकलं होतं. मी म्हणाले, "सुरुवात उलट्यांनी झाली. बाटल्यांनी वाढलं."

ती नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पुसत राहिली. गाडीत दुसरीकडे बघायला जागा नव्हती, म्हणून मी टॉर्चची बॅटरी काढून परत घातली.

त्र्यंबकच्या अलीकडे मी परत बोट धरलं. बुबुळं कोपऱ्यापर्यंत गेली नाहीत, पण सकाळपेक्षा पुढे गेली. मी सुमनला तीनदा खात्री करायला लावली. ती म्हणाली, "सरकली, मॅडम. पुढे गेली." मग आम्ही दोघी रडलो.

नाशिकला दुर्बिणीनं पोट तपासलं. उरलेली जठराची नळी एका जागी आवळली होती, दाट काही पुढे सरकतच नव्हतं. फुगा घालून ती जागा रुंद केली. उलट्या थांबल्या. म्हणजे नुसतं मनाचं म्हणून मी जे लिहून ठेवलं होतं, त्याला चांगलं बोटभर लांबीचं कारण होतं. डोळे आठवड्यात ठीक झाले. पाय सावकाश आले. दिवाळीपर्यंत काठी लागत होती. आईनं निवळ पाणी बंद केलं आणि नागलीची दाट आंबील सुरू केली. गोळ्या ती स्वतः समोर उभी राहून गिळायला लावायची. जुलैचा महिना मात्र गुरुजींच्या डोक्यातून पुसला गेला होता. माझा दवाखाना, बाटल्या, पडणं, नाशिकचा रस्ता, काहीच आठवत नव्हतं.

दिवाळीनंतर मी साखरशेतला त्यांच्या घरी गेले. सुमननं त्यांना बाटल्यांचं सांगितलं नव्हतं. म्हणाली होती, तुम्ही सांगा नाहीतर राहू द्या. गुरुजी अंगणात काठी टेकत चालत होते. वजन शंभराच्या खाली आलं होतं, पण आता चेहऱ्यावर मांस होतं. मी त्यांना खाटेवर बसवलं आणि सगळं सांगितलं. ग्लुकोजचं, पिवळीचं, केस पेपरवर काय लिहिलं होतं त्याचं. काही वगळलं नाही.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पायात ताकद नव्हती ती खरंच नव्हती?"

"खरंच नव्हती."

"आणि रडायचो ते?"

"तेही त्यातलंच होतं. बरंचसं."

त्यांनी काठी आडवी ठेवली. "सलाईनचं मनाला लावून घेऊ नका, मॅडम. आम्हीच मागत होतो."

"मागितली तुम्ही. डॉक्टर मी होते."

"तसं असेल," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला त्या महिन्यातलं काही आठवत नाही. एक सोडून. मी कॉटवर पडलोय आणि तुम्ही माझ्या आईला सांगताय, याला काही झालेलं नाही, याला आयतं पडून राहायची सवय लागलीय. तेवढं आठवतं. आई मान हलवत होती, ते पण."

मी असं बोलले होते? मला आठवत नव्हतं. मी आईकडे पाहिलं. ती चुलीपुढे बसली होती. तिनं मान खाली घातली, म्हणजे बोलले होते.

मी माफी मागितली. गुरुजी "असू द्या" म्हणाले, पण लगेच नाही.

त्यानंतर अशक्तपणा सांगत येणाऱ्या माणसाला मी आधी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावते, डोळे बघते, काय खातो आणि काय उलटतं ते विचारते. तपासून झाल्याशिवाय बाटली लावत नाही. त्यामुळे बरेच पेशंट खालच्या गल्लीत गेले. आणि मनाचं आहे हे निदान मी सगळ्यात शेवटी लिहिते. लिहिलंच, तर पेशंट कॉटवर असताना घरच्यांना ते ऐकवत नाही.